जेडीआर थर्ड फंड अधिछात्रवृत्ती

आशिया व अमेरिका यांच्यातील सांस्कृतिक देवघेव वाढावी, म्हणून जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी १९६३ मध्ये स्थापिलेल्या खाजगी निधीची कलावंतांसाठी असलेली अधिछात्रवृत्ती. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) व तैयब मेहता (१९२५–२००९) या चित्रकारांना ती लाभली. नागपूर येथे जन्मलेले गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ते अमूर्त चित्रणाकडे आधीच वळलेले होते. तेथील वास्तव्यात ती वाट अधिक दृढ झाली. मेहतांच्या बाबतीत मात्र शैलीच पालटली. १९६८ मध्ये तेथे बार्नेट न्यूमन यांची मूळ चित्रे पाहिल्यावर त्यांनी जाड रंगलेपन सोडून सपाट रंगक्षेत्रे स्वीकारली. छापील प्रतिकृतींतून न उमगणारे रंगाचे व आकारमानाचे सामर्थ्य मूळ कृतींपुढे उभे राहून अनुभवता येणे, हे अशा साहाय्याचे प्रमुख फलित होय.