बुबुजी खानम

बुबुजी खानम ही विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह याची मराठा पत्नी व दुसरा सुलतान इस्माईल आदिलशाह याची आई होय. काही ग्रंथांत तिचा उल्लेख पुंजी खातून असाही आढळतो. कोणतेही अधिकारपद नसताना तिने विजापूरच्या गादीचा प्रश्न दोन वेळा निर्णायकपणे सोडविला.

विवाह

यूसुफ हा ऑटोमन सुलतान दुसरा मुराद याचा पुत्र होता, भावाच्या राज्यारोहणाच्या वेळी आईने त्याला इराणमधील सावा येथे पाठवून वाचविले आणि पुढे तो दाभोळ बंदरात उतरून बीदरला पोहोचला, असा वृत्तांत इतिहासकार फिरिश्ता देतो. आधुनिक अभ्यासकांना ही राजवंशाची कथा संशयास्पद वाटते. तो गुलाम म्हणून महमूद गावानच्या पदरी आला व बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर सुमारे १४९० मध्ये स्वतंत्र झाला, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

बुबुजी ही मुकुंदराव या मराठा सरदाराची बहीण. मुकुंदराव व त्याचा भाऊ यांनी यूसुफला विरोध केला. त्यात त्यांचा पराभव झाल्यावर यूसुफने त्यांच्या बहिणीशी विवाह केला. या विवाहाचे वर्णन पुष्कळदा दोन धर्मांमधील सलोख्याचे उदाहरण म्हणून केले जाते. तो युद्धातील पराभवानंतर झाला, हे तसे म्हणताना ध्यानात ठेवावयास हवे.

कमालखानाचा कट

१५१० मध्ये यूसुफ मरण पावला. इस्माईल अल्पवयीन असल्याने कारभार कमालखान दखनी याच्या हाती गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्बुकर्कने गोवा जिंकले आणि कमालखानाने पोर्तुगीजांशी तह केला. पुढे बीदरच्या अमीर बरीदशी संधान बांधून त्याने इस्माईलला पदच्युत करण्याचा बेत आखला.

ज्योतिष्यांनी काही दिवस अशुभ सांगितल्यामुळे कमालखान या सुमारास आजाराचे निमित्त करून घरातच राहत असे. बुबुजीने ही संधी साधली. तिच्या सांगण्यावरून यूसुफ तुर्क नावाचा विश्वासू सेवक मक्केला जाण्याची अनुज्ञा मागण्याच्या मिषाने त्याच्याकडे गेला आणि निरोपाचा विडा घेताना त्याने कमालखानाला भोसकले. तो स्वतःही तेथेच मारला गेला. कमालखानाच्या आईने मात्र आक्रोश होऊ दिला नाही. मुलाचे प्रेत सजवून, तो जिवंत असल्याचे भासवीत तिने नातू सफदरखान याला राजवाड्यावर पाठविले. दोन्ही बाजूंचे सूत्रचालन अशा रीतीने दोन मातांकडे आले होते.

राजवाड्यात रक्षक थोडे होते. बुबुजी व यूसुफच्या नात्यातील दिलशाद आगा यांनी पुरुषी वेष व शस्त्रे धारण करून तट लढविला. बाहेरून आलेल्या परदेशी सैनिकांना दोरांच्या साहाय्याने वर घेतले. बाणाने जखमी झालेला सफदरखान भिंतीच्या आडोशाला आला असता इस्माईलने वरून ढकललेल्या दगडाखाली तो ठार झाला. या लढ्यात पराक्रम गाजविणारा खुस्रो पुढे असदखान लारी या नावाने बेळगावचा जहागीरदार झाला.

कन्यांचे विवाह

बुबुजीच्या तिन्ही मुली दख्खनच्या राजघराण्यांत दिल्या गेल्या : बीबी सती बहमनी राजपुत्र अहमद याला, खदीजा वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशाहला आणि मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहला. मरियमचा विवाह १५२४ मध्ये सोलापूर येथे झाला. कोकण किनाऱ्यावर तिच्या माहेरच्या राज्याकडे दाभोळ, तर सासरच्या राज्याकडे आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदर होते. परंतु या सोयरिकीतून मैत्री साधली नाही. सोलापूर आंदण दिल्याचा निजामशाहीचा दावा विजापूरने फेटाळला व लगेच युद्ध पेटले. १५६२ मध्ये चांदबीबीच्या विवाहात तेच सोलापूर आंदण म्हणून विजापूरला मिळाले. ही चांदबीबी बुबुजीची पणतसून.

मल्लू आदिलशाहची पदच्युती

१५३४ मध्ये इस्माईलनंतर त्याचा पुत्र मल्लू गादीवर आला. त्याच्या दुर्वर्तनाने सरदार दुखावले. यूसुफ शहना हा तर दरबार सोडून आपल्या जहागिरीत निघून गेला. बुबुजीने त्याच्याशी संधान बांधले आणि असदखानाच्या संमतीने अवघ्या काही महिन्यांतच मल्लूला पदच्युत करविले. त्याचे व त्याच्या धाकट्या भावाचे डोळे काढण्यात आले. मुलाची गादी राखणाऱ्या बुबुजीच्या चरित्रातील हा भाग अनेक लेखक एका ओळीत आटोपतात. परंतु त्या काळी पदच्युतीचा अर्थ काय होतो, हे तिला ठाऊक नसणे शक्य नव्हते. त्यानंतर तिचा दुसरा नातू इब्राहीम गादीवर बसला. त्याने परदेशी सरदारांऐवजी दखनींना जवळ केले आणि महसुली दप्तरातून फारसी काढून तेथे देशी भाषा आणली.