गरोदरपणात ब्रिटनला जायचं ठरलं तर... टीबी टेस्टपासून बाळाच्या पासपोर्टपर्यंत

नवऱ्याची किंवा स्वतःची नोकरी ब्रिटनमध्ये पक्की होते, व्हिसाची कागदपत्रं जमवायला सुरुवात होते आणि त्याच महिन्यात प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह येते. मग घरात एकच चर्चा सुरू होते, बाळंतपण इथे की तिथे? आई म्हणते सातव्या महिन्यात माहेरी ये, नवरा म्हणतो तिथे सगळं फुकट आहे. दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. तिथे काय मिळेल आणि काय हातचं जाईल, हे कितव्या आठवड्यात विमानात बसणार यावर ठरतं. आपल्याकडे 'कितवा महिना?' असं विचारतात, तिकडे सगळा हिशोब आठवड्यांत चालतो.

व्हिसा आणि टीबी टेस्ट

सहा महिन्यांहून जास्त काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसाच्या अर्जासोबत टीबी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात. गरोदर बाईपुढे तीन पर्याय असतात. पोटावर संरक्षक कवच ठेवून एक्स-रे काढणं, एक्स-रेऐवजी थुंकीची तपासणी करणं किंवा प्रसूतीनंतर तपासणी करून अर्ज करणं. थुंकीच्या तपासणीचा निकाल यायला दोन महिनेही लागू शकतात. बारा आठवड्यांची गरोदर बाई निकालाची वाट पाहता पाहता विसाव्या आठवड्यात पोहोचते. त्यामुळे हा निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारून, पण लवकर घ्यावा.

'फुकट' म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस. वर्क व्हिसा किंवा डिपेंडंट व्हिसावर जाणाऱ्यांना अर्ज करतानाच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसासाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. तीन वर्षांच्या व्हिसासाठी एका माणसाचे ३,१०५ पौंड आधीच जातात. हेल्थ अँड केअर व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना तो माफ आहे. एकदा हे पैसे भरले आणि व्हिसा सुरू झाला की तपासण्या, सोनोग्राफी, नॉर्मल डिलिव्हरी, सिझेरियन यांचं वेगळं बिल येत नाही. व्हिसा मिळाला तेव्हा बाई आधीच गरोदर होती, हा मुद्दा आड येत नाही.

फसगत होते ती व्हिजिटर व्हिसावर. डिपेंडंट व्हिसा यायला वेळ आहे, तोवर टुरिस्ट म्हणून जाऊ, असा विचार काही जोडपी करतात. नवऱ्याने भरलेला सरचार्ज बायकोला लागू होत नाही. इंग्लंडमध्ये व्हिजिटरकडून एनएचएसच्या दराच्या १५० टक्के आकारणी होते. पैसे नाहीत म्हणून प्रसूतीसेवा नाकारता किंवा लांबवता येत नाही, पण बिल मागे लागतंच. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसाही नाकारला जाऊ शकतो.

नाव कुठे नोंदवायचं?

इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर जीपीकडे, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी करायची. भाडेकरार अजून हातात नसला तरी पत्त्याच्या पुराव्यावाचून नोंदणी अडवता येत नाही. पण प्रसूतीसाठी नाव नोंदवायला जीपीच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची गरज नाही. जवळच्या एनएचएस हॉस्पिटलच्या वेबसाइटवर मॅटर्निटी सेल्फ-रेफरलचा फॉर्म असतो, तो थेट भरता येतो. नव्याने गेलेल्या कित्येक जणींचे दोन-तीन आठवडे हे माहीत नसल्यानेच जातात.

पहिली मोठी भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. उशिरा पोहोचलेल्या बाईला शक्यतो दोन आठवड्यांत भेट द्यावी, असं तिथली मार्गदर्शक सूचना सांगते. डाउन सिंड्रोमची कम्बाइन्ड टेस्ट चौदाव्या आठवड्यानंतर होत नाही, त्यानंतर विसाव्या आठवड्यापर्यंत वेगळी रक्तचाचणी असते. म्हणून पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात निघणाऱ्या बाईने पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी आणि स्क्रीनिंग भारतातच उरकून घ्यावं. सगळी फाइल सोबत न्यावी. रक्तगट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आधीचं सिझेरियन असेल तर त्याची डिस्चार्ज समरी, चालू गोळ्यांची नावं. गोळ्यांची ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत, मूळ औषधाचं नाव लिहून घ्यावं.

डॉक्टर भेटतच नाहीत!

ही तक्रार हमखास ऐकू येते. पण गर्भारपण सुरळीत असेल तर तिथे सगळं मिडवाइफ बघते. सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावातली म्हातारी येते. ही मात्र पदवी घेतलेली, नोंदणीकृत तज्ज्ञ असते आणि नॉर्मल डिलिव्हरी तीच करते. पहिलटकरणीला साधारण दहा भेटी मिळतात आणि सोनोग्राफी दोनच, एक अकरा ते चौदा आठवड्यांत आणि दुसरी विसाव्याच्या आसपास. दर महिन्याला सोनोग्राफीची सवय असलेल्यांना हे दुर्लक्ष वाटतं, पण तिथली पद्धतच तशी आहे. काही गुंतागुंत दिसली तर तज्ज्ञ डॉक्टर आणि जास्तीच्या सोनोग्राफी लगेच येतात.

एक तपासणी मात्र स्वतःहून लक्षात ठेवावी. दक्षिण आशियाई वंश हा तिथे गर्भारपणातल्या मधुमेहाचा जोखमीचा घटक मानला जातो. त्यामुळे भारतीय बाईला २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी मिळायला हवी. कुणी विषय काढला नाही तर विचारावं. इंग्रजीत बोलताना अवघडल्यासारखं होत असेल तर मराठी दुभाषाही मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये, हॉस्पिटलच्या मॅटर्निटी ट्राएजला चोवीस तास फोन करता येतो.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तिकडे मुलगा की मुलगी हे विचारता येतं. भारतात १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न समोर आला की अनेक मराठी जोडपी क्षणभर गोंधळतात.

नोकरी सोडण्याआधी

या सगळ्यात कमी बोललं जातं ते पगारी रजेबद्दल, आणि सर्वात मोठं नुकसान तिथेच होतं. भारतात पात्र नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. राजीनामा दिला की ती गेली. ब्रिटनमध्ये नवी नोकरी लागली तर ५२ आठवड्यांची रजा पहिल्या दिवसापासून हक्काची, पण पगाराचं तसं नाही. स्टॅट्युटरी मॅटर्निटी पेसाठी प्रसूतीच्या तारखेआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली हवी. म्हणजे दिवस जाण्याच्या सुमारासच ती नोकरी सुरू झालेली असायला हवी. गरोदर असताना तिथे पोहोचणारी बाई यात जवळपास कधीच बसत नाही.

मॅटर्निटी अलाउन्स हा दुसरा मार्ग. त्यासाठी तारखेआधीच्या ६६ आठवड्यांपैकी २६ आठवडे काम झालेलं हवं आणि त्यातल्या १३ आठवड्यांत किमान ३० पौंडांची कमाई हवी. बाराव्या आठवड्यात पोहोचून लगेच नोकरी लागली तर हे कसंबसं जमतं, विसाव्या आठवड्यात पोहोचलं तर नाही.

विमान, आई आणि बाळाचे कागद

बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात बसूच देत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. मुंबई-लंडन प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मधून मधून उठून चालणं आणि भरपूर पाणी पिणं गरजेचं.

नॉर्मल डिलिव्हरीनंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. मिडवाइफ घरी येऊन बघते, पण मालीशवाली बाई आणि डिंकाचे लाडू कुणी आणून देत नाही. आईला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावता येतं. मात्र कागदपत्रं गोळा करायला पाचव्या-सहाव्या महिन्यातच सुरुवात केलेली बरी.

आई-वडील दोघेही वर्क व्हिसावर असतील तर ब्रिटनमध्ये जन्मल्याने बाळाला तिथलं नागरिकत्व मिळत नाही, हा नियम १९८३ पासून आहे. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. बाळाचे उपचार पहिले तीन महिने मोफत असतात, त्या काळात त्याच्या व्हिसाचा अर्ज करायचा. भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासात वर्षभरात व्हायला हवी. पासपोर्ट आणि व्हिसा हातात येण्याआधी बाळाला घेऊन गणपतीला घरी जाण्याचं तिकीट काढू नये.