थ्रेड : कंसातले गाव – व्हाइटफील्ड (काडुगोडी)

१/८
बंगळुरूच्या 'नम्म मेट्रो'ची जांभळी मार्गिका पूर्वेला एका उन्नत स्थानकापाशी संपते. फलकावरचे नाव : व्हाइटफील्ड (काडुगोडी). संगणक क्षेत्रातील नोकरदारांच्या दृष्टीने हे रोजचे ठिकाण. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे आधी कंस वाचावा.

२/८
कन्नडमध्ये 'काडु' म्हणजे रान. काडुगोडी हे जुने गाव, तर व्हाइटफील्ड हे नाव नंतरचे. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याला परत केले. पुढच्याच वर्षी महाराज दहावे चामराजेंद्र यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या चळवळीचे अग्रणी डी. एस. व्हाइट, वसाहतीला नाव त्यांचेच मिळाले.

३/८
हेतू असा, की रेल्वे, तारखाते आणि कचेऱ्यांतील नोकऱ्यांवर विसंबलेल्या या समाजाने शेतीच्या बळावर स्वतःच्या पायांवर उभे राहावे. बंगळुरू-जोलारपेट लोहमार्ग तर १८६४ पासूनच या भागातून जात होता. तरीही वसाहत शतकभर लहानखुरी आणि निवांतच राहिली. जमीन आणि आगगाडी दोन्ही असूनही शहर आपोआप उभे राहत नाही, हा यातला पहिला धडा.

४/८
शहर आले ते १९९० च्या दशकात. कर्नाटकच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने येथे निर्यातीसाठी औद्योगिक क्षेत्र आखले. १९९४ मध्ये भारत-सिंगापूर सहकार्यातून, टाटा समूह व राज्य शासनाच्या भागीदारीत तंत्रज्ञान उद्यानाचा प्रकल्प आकाराला आला. मग कंपन्या आल्या, वस्ती वाढली आणि रस्ते तुंबले.

५/८
मेट्रो पोहोचली जवळजवळ तीन दशकांनी. कृष्णराजपुर ते व्हाइटफील्ड हा १३.७१ किलोमीटरचा टप्पा २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला. पण बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा लहानसा दुवा ९ ऑक्टोबर २०२३ पर्यंत जुळला नव्हता. तोवर प्रवाशाला मध्येच उतरून रस्त्याने जावे लागे.

६/८
आता याच टप्प्यातील इतर फलक वाचा. गरुडाचारपाळ्य, सीतारामपाळ्य : 'पाळ्य' म्हणजे वाडी-वस्ती. कुंदलहळ्ळी, नल्लूरहळ्ळी : 'हळ्ळी' म्हणजे खेडे. तंत्रज्ञान उद्यानालगतचे स्थानक तर पट्टंदूर अग्रहार. ताम्रपटांच्या वाचकांना 'अग्रहार' परका नाही : ब्राह्मणांना दान दिलेले गाव.

७/८
म्हणजे या परिसरात सत्तेने तीनदा जमीन वाटली. कधीकाळी ब्राह्मणांना, १८८२ मध्ये युरेशियनांना, विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्योगांना. लाभार्थी बदलले, कारणेही बदलली : पुण्य, पुनर्वसन, निर्यात. देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव दरवेळी कागदावर राहिले. ती जमीन आधी कोण कसत होते, हे विचारायला फलकावर उरला आहे तो फक्त एक कंस.

८/८
म्हणून स्थानकाचे नाव ही किरकोळ बाब नव्हे. गावाचे नाव पुसले गेले, की त्या गावाविषयीचा प्रश्नही पुसला जातो. पुण्यात हिंजवडीच्या दिशेने जाताना माण आणि हिंजवडी ही आधी गावे होती, हे आठवावे. मग सातबारा, गॅझेटियर आणि गावातील वडीलधारी माणसे, या तिन्ही साधनांकडे वळावे. फलकावरून निघालेला शोध तिथेच खरा सुरू होतो.