उन्हाचं माप

किरणोत्सवाच्या दिवसांत अंबाबाईच्या गाभाऱ्यात मावळतीचं ऊन कुठवर चढलं, याची चर्चा अख्ख्या कोल्हापुरात होते. चरणांशीच थांबलं, कमरेपर्यंत आलं, की मुखावर पोचलं? नाहीच पोचलं, तर दोष वाटेतल्या बांधकामाला, नाहीतर हवेतल्या धुळीला आणि दमटपणाला. सूर्य तोच, लबाडी मधल्या हवेची. एकोणिसाव्या शतकात सूर्याची उष्णता मोजायला निघालेल्यांनाही या हवेनंच छळलं.

१८३८ साली क्लोद पुइये या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानं आपला आकडा छापला. त्याचं यंत्र म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्याची चपटी डबी. तोंड काजळीनं काळं केलेलं, आत पाणी, पाण्यात थर्मामीटर. पाच मिनिटं सावलीत, पाच मिनिटं उन्हात, पुन्हा पाच मिनिटं सावलीत. उन्हात तापतानाही डबी थोडी निवत असते, म्हणून सावलीतली घट हिशेबात धरायची. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला डबीएवढीच चकती होती. डबीची सावली तिच्यावर नेमकी बसली की तोंड थेट सूर्याकडे. सूर्य वर चढताना आणि उतरताना नोंदी घेऊन त्यानं हवेनं गिळलेली उष्णता काढली. उत्तर आलं, वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला १.७६ कॅलरी. आज आपण सुमारे १.९५ मानतो. पाण्याच्या डबीनं एवढं जवळ जावं, ही कमालच म्हणायची. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ लँग्लेनं बोलोमीटर हा कितीतरी नाजूक उष्णतामापक १८८१ साली माउंट व्हिटनीवर चढवला आणि हवेची दुरुस्ती जास्तच केल्यामुळे त्याचा आकडा ३ पर्यंत गेला. तो आकडा पुढं बरीच वर्षं चालला.

आपल्याकडं मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांना कॅलरीपेक्षा कामात रस होता. कुलाब्यात त्यांनी सपाट आरशांचे तुकडे अर्धवर्तुळात मांडून बॉयलर तापवला आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालवलं. त्यांच्या सौरचुलीवर ऐन जानेवारीत सात शिपायांच्या वाट्याचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजली. १८७८ साली मुंबईतच त्यांचं पुस्तक निघालं. पुढं हे सगळं मागं पडलं.

मोजमाप मात्र पुण्याच्या वेधशाळेनं धरून ठेवलं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांनी देशभर सौर किरणमापनाची केंद्रं उभी केली. परदेशातून येणारी उपकरणं पुण्यात घडू लागली. १९८० साली त्यांनी त्या नोंदींचं जाडजूड हँडबुक काढलं. भारतात कुठं सौर प्रकल्प बसवायचा, तर हिशेबाला आधी असेच आकडे लागतात.