डोळ्यांवरची पट्टी

सन १९४५ मध्ये मेक्सिको देशाने निरक्षरता-निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेप्रीत्यर्थ टपाल तिकिटे काढली. साध्या टपालासाठी व विमान टपालासाठी निघालेल्या या तिकिटांवरील चित्राचा विषय एकच होता : डोळ्यांवर बांधलेली पट्टी दूर केली जात आहे.

या चित्रामागे कायद्याचे बळ होते. त्या काळी तेथील सुमारे निम्मी प्रजा निरक्षर होती. शाळा व शिक्षक अपुरे होते. म्हणून अध्यक्ष मान्वेल आविला कामाचो यांच्या सरकारने २१ ऑगस्ट १९४४ रोजी असा कायदा केला की, १८ ते ६० वर्षे वयाच्या साक्षर नागरिकाने ६ ते ४० वर्षांच्या निदान एका निरक्षरास लिहावयास-वाचावयास शिकवावे. मोहिमेचे प्रवर्तक शिक्षणमंत्री हाइमे तोरेस बोदेत हे पुढे १९४८ साली युनेस्कोचे महासंचालक झाले. स्पॅनिश न जाणणाऱ्या आदिवासींसाठी त्यांच्या मातृभाषांतूनही वाचनपुस्तिका सिद्ध करण्यात आल्या.

केवळ एका कायद्याने सारा देश साक्षर झाला नाही. ते कार्य पुढेही दीर्घकाळ चालू ठेवावे लागले. तथापि त्या तिकिटाचे मर्म चिंतनीय आहे. पत्रावर तिकीट लावणारा बहुधा लिहू जाणणाराच असतो. निरक्षरास ते चित्र त्याची स्थिती दाखवी, तर साक्षरास त्याचे ऋण. सुज्ञ वाचकहो, आपल्या घरी वा शेजारी अद्याप कोणी आंगठा उठवीत असेल, तर ती पट्टी सोडविणारे हात आपलेच असावयास हवेत.