तळघराची खिडकी

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आज मी तुम्हाला एका खिडकीचा इतिहास सांगणार आहे. ही खिडकी तळघरातल्या भाड्याच्या खोलीला असते, किंवा नसते. आणि ती असण्या-नसण्यावर गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकांचं जगणं-मरणं ठरलं आहे.

तुमच्या नात्यातलं कुणी कॅनडात शिकायला गेलं असेल, तर 'बेसमेंटमध्ये राहतोय' हे वाक्य तुम्ही फोनवर ऐकलं असेल. आपल्याला ते जरा खटकतं. आपण जमिनीखाली धान्य ठेवलं, सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांमध्ये हळद ठेवली. माणसं नाही ठेवली. मग तिकडे माणसं खाली का राहायला गेली?

सुरुवात करू इंग्लंडमधल्या लिव्हरपूलपासून. १८४०च्या सुमारास हे बंदर भरभराटीला आलं होतं आणि त्याच शहरात वीस हजारांच्या आसपास माणसं तळघरांत राहत होती. ओली जमीन, गटाराचं झिरपणारं पाणी, उजेड फक्त दारातून. डॉ. विल्यम डंकन यांनी या वस्त्यांमधल्या रोगराईबद्दल लिहून शहराला जागं केलं. १८४७ मध्ये शहराने त्यांना आरोग्य अधिकारी नेमलं. ब्रिटनमधले ते असे पहिले अधिकारी. त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले सुमारे तीन लाख लोक लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले. तापाची साथ पसरली. आणि त्याच काळात शहराने तळघरं रिकामी करायला घेतली. हजारो माणसांना बाहेर काढलं.

बाहेर काढलं, पण कुठे पाठवलं? कुठेच नाही. ती माणसं आधीच खचाखच भरलेल्या वरच्या खोल्यांत घुसली. काही जण गुपचूप परत खाली आले. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा पहिला धडा इथेच आहे: तळघराला कुलूप लावलं म्हणून भाडेकरू नाहीसा होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.

इंग्लंडने यातून काहीतरी शिकलं असावं. १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नवी तळघरं भाड्याने द्यायला बंदी होती, पण जुन्यांसाठी अटी मोजून मापून लिहिल्या होत्या. उंची किमान सात फूट. त्यातली तीन फूट रस्त्याच्या पातळीच्या वर. समोर अडीच फूट रुंद मोकळा खंदक, म्हणजे उजेड आत येईल. जमिनीखालून पाण्याचा निचरा. धूर जायला धुराडं. आणि उघडणारी खिडकी. कायद्याची ही यादी रूक्ष दिसते, पण तिच्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी दुखण्यातून आली आहे.

आता समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला येऊ. तिथेही १८६७ पासून चाळवजा इमारतींच्या तळघरांवर निर्बंध आले आणि १९०१ मध्ये ते आणखी कडक झाले. पुढे शहराने एक बारीक भेद केला. खोलीची निम्म्याहून जास्त उंची जमिनीखाली असेल तर ती 'सेलर', निम्मी किंवा जास्त वर असेल तर 'बेसमेंट'. एक-दोन कुटुंबांच्या घरातलं सेलर भाड्याने द्यायला दीर्घकाळ बंदीच होती. बेसमेंटला परवानगी मिळू शकत होती, पण दोन बिऱ्हाडांच्या घरात तिसरं बिऱ्हाड आलं की ते घर राज्याच्या १९२९च्या बहुकुटुंब कायद्याखाली जायचं आणि मोठ्या इमारतीचे नियम लागायचे. खर्च घरमालकाच्या आवाक्याबाहेर जायचा. मग तो काय करायचा? परवानगी न घेताच खोली भाड्याने द्यायचा.

भाडेकरू तरी तक्रार का करेल? तक्रार केली तर निरीक्षक येणार, जागा रिकामी करण्याचा आदेश चिकटवणार आणि त्याच रात्री भाडेकरूचं सामान रस्त्यावर येणार. म्हणजे दोघांचंही हित गप्प बसण्यात.

हे मौन १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटलं. आयडा वादळाच्या पावसाने सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाणी ओतलं. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरांतल्या घरांत. पाण्याच्या दाबाविरुद्ध उघडावं लागणारं दार हलत नाही. दुसरी वाट नसेल तर माणूस अडकतो.

अशी घरं सुरक्षित आणि अधिकृत करण्याचा एक प्रयोग शहराने २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागात सुरू केला होता. शेकडो घरमालकांनी उत्सुकता दाखवली, पण शेवटपर्यंत टिकले ते बोटांवर मोजण्याइतके. अटी, खर्च आणि कोविडकाळातली निधीकपात यांत बाकीचे गळाले. २०२४ मध्ये राज्य आणि शहर दोघांनी कायदे करून ठरावीक भागांत ही वाट पुन्हा खुली केली.

कॅनडाच्या व्हॅंकूवरने वेगळा रस्ता धरला. दुसऱ्या महायुद्धात घरटंचाई झाली तेव्हा लोकांनी घरांत भाडेकरू ठेवले आणि सरकारनेही ते चालवून घेतलं. युद्ध संपल्यावर 'एक घर, एक कुटुंब' हा नियम पुन्हा पुढे आला. पण १९६५ ते १९८५ या काळात तिथे 'व्हॅंकूवर स्पेशल' नावाची पेटीसारखी दुमजली घरं हजारोंनी उभी राहिली. खालचा मजला जणू भाडेकरूसाठीच बांधलेला, कागदावर मात्र नाही. बाहेरून आलेल्या अनेक कुटुंबांनी त्याच भाड्यावर घराचे हप्ते फेडले. शेवटी २००४ मध्ये शहराने एक-कुटुंबाच्या सर्व वस्त्यांमध्ये अशा दुय्यम घरांना मान्यता दिली. जुन्या घरांची छतं ठेंगणी असतात हे मान्य करून उंचीची अटही सैल केली.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. अट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळणं नाही का? मला वाटतं, नियमांचे दोन ढीग करून पाहावेत. एका ढिगात जीव वाचवणारे नियम: दोन बिऱ्हाडांमध्ये आग अडवणारी भिंत आणि छत, खाली धूर झाला तर वरही वाजणारी गजराची यंत्रणा, निचरा, आणि झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत तिचं मापही आहे: मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर, कुठलीही बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी नाही, आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी. दुसऱ्या ढिगात वस्तीची शान राखणारे नियम: गाडी कुठे लावणार, शेजाऱ्यांना कसं दिसेल, घरात कुटुंबं किती. पहिल्या ढिगात तडजोड नको. दुसऱ्यात केली, तरच लोक पहिल्याचा खर्च करायला पुढे येतात.

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं गेली. त्या तळघराला परवानगी होती ती सामान आणि गाड्या ठेवण्याची. त्यानंतर धडाधड तळघरं सील झाली. ते आवश्यकही होतं. पण मला लिव्हरपूल आठवलं. सील लावणं हे अर्धं काम. स्वस्तात बसायला, राहायला जागा हवी असलेली मुलं त्याच शहरात राहतात, आणि दरवर्षी महाराष्ट्रातूनही तिथे नवी मुलं जात असतात.

म्हणून तुमच्या घरातलं कुणी दिल्लीत, पुण्यात किंवा टोरंटोत खोली बघत असेल, तर भाडं आणि डिपॉझिट विचारण्याआधी एकच प्रश्न विचारायला सांगा: दार बंद पडलं, तर बाहेर कुठून पडायचं? उत्तरात खिडकी आली, तर ती त्याच वेळी उघडून पाहायला सांगा.