लिंक दाबण्याआधी: वेबचा पत्ता कसा वाचायचा आणि कोणती साधनं खरंच कामाची आहेत

‘तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा बंद होईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ हा मेसेज तुम्हाला आला नसेल तर ओळखीत कुणाला तरी नक्की आला असेल. महावितरणने याबद्दल अनेकदा जाहीर सांगितलंय की असे मेसेज ते कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून पाठवत नाहीत. त्यांचा एसएमएस येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडे नसतात, ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ अशासारखं नाव असतं. तरीही लोक फसतात, आणि फसणारे काही अडाणी नसतात.

मी शहाडला राहतो. आमच्या इमारतीतले एक काका रेयॉन कंपनीतून निवृत्त झालेले, हिशोबाला एकदम पक्के. त्यांनी त्या नंबरवर फोन केला. समोरच्याने गोड बोलून एक लिंक पाठवली, ‘हे अ‍ॅप टाका आणि फक्त दहा रुपये भरा, खातं अपडेट होईल.’ काका वाचले ते एवढ्यासाठीच, की फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती. नातवंडांचे व्हिडिओ आणि सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या चित्रांनी मेमरी भरलेली, अ‍ॅप उतरेना. मग फोन घेऊन माझ्याकडे आले, “अरे, जरा जागा करून दे ना, लाइट जाईल रात्री.” त्याच फोनवर त्यांचं पेन्शनचं खातं जोडलेलं होतं.

त्या दहा रुपयांमागचा डाव असा असतो: ते अ‍ॅप तुमचा स्क्रीन समोरच्याला दाखवतं किंवा तुमचे एसएमएस वाचतं. दहा रुपये भरताना तुम्ही जे जे टाइप करता ते त्याला दिसतं. दहा रुपये त्याला नकोच असतात.

इंटरनेट सुरक्षेवर लिहिताना लोक वीस सूचनांची यादी देतात आणि वाचणारा एकही पाळत नाही. माझ्या मते एकच गोष्ट आधी नीट शिकावी: समोर आलेला पत्ता नेमका कुणाचा आहे हे ओळखणं. बाकीची साधनं त्यानंतर.

पत्ता उजवीकडून वाचा

पोस्टाच्या पाकिटावर आपण वर नाव लिहितो, मग इमारत, मग गाव, शेवटी जिल्हा आणि पिनकोड. पोस्टातला माणूस मात्र खालून सुरुवात करतो. आधी पिनकोड, मग गाव, आणि इमारत सगळ्यात शेवटी. कारण इमारतीला नाव काहीही देता येतं. उद्या कुणी आपल्या चाळीला ‘मंत्रालय’ नाव दिलं म्हणून तिथे मंत्री बसत नाहीत.

वेबचा पत्ताही तसाच आहे. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरपी रेघ येईल तिथे थांबा. आता तिच्या डावीकडचा भाग उलटा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचा. महावितरणची खरी साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’. समजा लिंक अशी आली: ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिलअपडेट डॉट टॉप’. डावीकडून वाचणाऱ्याला महावितरण दिसतं. उजवीकडून वाचलं तर मालक दिसतो: ‘बिलअपडेट डॉट टॉप’. त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते त्या मालकाच्या मर्जीवर असतं, आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

‘डॉट इन’ नाव कुणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतं. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र फक्त सरकारी संस्थांना मिळतं. म्हणून ट्रॅफिक चलानाची लिंक आली तर शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ने होतोय का ते बघा. महाराष्ट्र पोलिसांची ई-चलानची साइट आणि केंद्राची परिवहनची साइट, दोन्ही तशाच आहेत. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने हाच मार्ग घेतला. ‘बँक डॉट इन’ हा शेवट फक्त बँकांसाठी राखून ठेवला आणि सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जायला सांगितलं. यात सहकारी बँकाही आल्या. मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात उपयोगी निर्णय वाटतो. आपल्याकडे सहकारी बँका भरपूर, आणि प्रत्येकीची साइट वेगळ्याच धाटणीच्या नावाची असायची. खरी कोणती हे ग्राहकाने ओळखायचं कसं?

दोन खोड्या लक्षात ठेवा. पत्त्यात त्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी ‘अ‍ॅट’चं चिन्ह असेल (ईमेलमध्ये असतं ते), तर ब्राउझर त्याच्या डावीकडचा भाग साइटचं नाव म्हणून धरतच नाही. दुसरी खोडी दिसायला सारख्या अक्षरांची. रशियन लिपीतला ‘ए’ आणि इंग्रजीतला ‘ए’ डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला वेगळे. 2017 मध्ये एका संशोधकाने ॲपलच्या नावासारखं हुबेहूब दिसणारं नाव नोंदवून हे दाखवून दिलं होतं. म्हणून संशय आला की ब्राउझर असा पत्ता ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा अशा सुरुवातीने दाखवतो. अर्थात ‘एक्सएन’ दिसलं म्हणजे लबाडीच असं नाही. 2014 पासून मिळणारी देवनागरीतली ‘डॉट भारत’ नावंसुद्धा आतून तशीच साठवलेली असतात.

आणि ते कुलूप? ‘कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित’ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. ती साइट चोराची असेल तर चोराशी तुमचं बोलणं अगदी गुप्त राहील! 2015 च्या अखेरीपासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देते. उद्देश चांगला आणि फायदाही मोठा, पण तेव्हापासून चोराच्या दारालाही कुलूप आलं. गूगलने 2023 मध्ये क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ लावत होते.

डोळ्यांवर सगळं सोडू नका

आता खरं सांगायचं तर संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये एका हाताने कडी धरून कुणी पत्ता उजवीकडून वाचत बसत नाही. मीही नाही. म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा. लोकांना वाटतं हे साधन फक्त पासवर्ड लक्षात ठेवण्यासाठी आहे. त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. ज्या पत्त्यासाठी पासवर्ड साठवलाय, तोच पत्ता समोर असेल तर तो पासवर्ड भरून देतो. पान हुबेहूब बँकेसारखं दिसत असलं, लोगो तोच, रंग तोच, पण पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी तो गप्प बसतो. तो चित्र बघतच नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एके दिवशी भरला जात नसेल, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता बघा. बिटवॉर्डन आणि कीपास ही दोन्ही साधनं ओपन सोर्स आहेत आणि फुकट वापरता येतात. बिटवॉर्डनच्या फुकट प्रकारातच बहुतेकांचं काम भागतं. क्रोममध्ये आधीपासून असलेला मॅनेजरही काही न वापरण्यापेक्षा कितीतरी बरा.

पासकी ही याच्या पुढची पायरी. त्यात पासवर्ड नसतोच. फोनमध्ये एक गुप्त किल्ली राहते आणि ती त्या साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते. खोट्या साइटला ती देणं तुम्ही ठरवूनही शक्य नाही. ओटीपी तुम्ही फोनवर कुणाला वाचून दाखवू शकता, पासकी वाचून दाखवता येत नाही. जिथे पासकीचा पर्याय दिसेल तिथे चालू करा, सगळ्यात आधी ईमेलला. कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

संशय आला तर तपासायची साधनं

लिंक दाबू नका, कॉपी करा. ‘यूआरएलस्कॅन’ या साइटवर ती टाकली की तिथला सर्व्हर तुमच्याऐवजी ते पान उघडतो, त्याचा फोटो दाखवतो आणि लिंक शेवटी कुठे जाते तेही सांगतो. छोट्या केलेल्या लिंकसाठी हे फार कामाचं. तपासणी खासगी ठेवायचा पर्याय मात्र निवडा, नाहीतर तुमची लिंक इतरांनाही दिसते.

‘व्हायरसटोटल’ एखादी फाइल किंवा लिंक सत्तरएक अँटीव्हायरसना एकदम दाखवतं. 2012 पासून ते गूगलकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके फाइल आली तर खरं म्हणजे तपासायचीही गरज नाही, काढूनच टाका. लग्नाची पत्रिका कधी अ‍ॅप नसते. इतर फाइली जरूर तपासा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. शून्य इशारे आले म्हणजे फाइल स्वच्छ असं नाही, ती अगदी नवी असू शकते. आणि तिथे चढवलेली फाइल पैसे भरणाऱ्या सुरक्षा कंपन्यांना उतरवता येते. त्यामुळे आधार किंवा पॅनची पीडीएफ तिथे कधीही टाकू नका.

‘आयकॅन लुकअप’वर साइटचं नाव टाकलं की ते कधी नोंदवलं ते कळतं. ‘पंचवीस वर्षांची विश्वासार्ह कंपनी’ असं सांगणाऱ्या साइटचं नाव मागच्या मंगळवारी नोंदवलेलं निघालं, तर पुढे काही विचारायला नको.

‘हॅव आय बीन पोन्ड’ ही ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेली साइट. ईमेल टाकला की तो कोणत्या फुटलेल्या डेटामध्ये सापडलाय ते सांगते. पासवर्डही तपासता येतो, आणि इथे त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. तुमचा पासवर्ड तुमच्याच ब्राउझरमध्ये गणिताने एका लांब सांकेतिक ओळीत बदलला जातो आणि त्या ओळीची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. सर्व्हर त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो ओळी परत पाठवतो आणि जुळवणी तुमच्याकडेच होते. तुम्ही काय विचारलं हे त्यांनाही कळत नाही.

आपल्या सरकारच्या ‘संचार साथी’वर (2023) तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. ज्या ज्या दुकानात कधी आधारची झेरॉक्स दिली असेल ते आठवा आणि मग बघा.

पैसे गेलेच तर

1930 वर लगेच फोन करा. नातेवाइकांना, मित्रांना, पोलीस चौकीला नंतर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात, आणि ते एटीएममधून बाहेर पडण्याआधी अडवले तरच हाती लागतात. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. हीच तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर नोंदवता येते. बँकेलाही त्याच तासात कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर भार तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणून गप्प बसू नका, आणि घरच्यांना काय वाटेल म्हणून तर अजिबात नाही.

पैसे गेले नाहीत, नुसताच तसला मेसेज किंवा फोन आला असेल तर 1930 ची लाइन अडवू नका. त्यासाठी संचार साथीवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे. स्क्रीनशॉट, नंबर आणि वेळ तिथे टाका. काकांना आलेला नंबर आम्ही तिथेच नोंदवला.